हाताने वाचायचे साहित्य

मराठीतील ‘साहित्य’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. ज्ञानेश्वरी हे साहित्य, आणि पूजेच्या तबकात मांडलेले तेही साहित्यच. स्वयंपाकाचे साहित्य, बांधकामाचे साहित्य, विणकामाचे साहित्य असे आपण सहज बोलतो. मात्र विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिल्या प्रकारचे साहित्य तेवढे जमा होते. दुसऱ्या प्रकारचे साहित्य गोदामात, नाहीतर रस्त्याच्या कडेला पडून असते.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत परदेशातील काही शिक्षणसंस्थांनी या दुसऱ्या साहित्याचीही ग्रंथालये उभारली. न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली एका व्यावसायिक कंपनीने अशी सुरुवात केली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २०१३ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेकिंग’ उघडली, आणि तिच्यात धातू, काच, लाकूड, चिनीमाती यांच्यापासून एरोजेलसारख्या धुक्याइतक्या हलक्या द्रव्यापर्यंतचे नमुने मांडले गेले. वाचक तेथे येतो तो पुस्तक काढायला नव्हे. तुकडा उचलावा, वजन पाहावे, वास घ्यावा, नखाने ओरखडावे आणि मग ठरवावे की आपल्या खुर्चीसाठी, भिंतीसाठी किंवा वस्त्रासाठी हे चालेल की नाही. पर्यावरणाची काळजी वाढली तशी या फळ्यांवर कोणती द्रव्ये ठेवावीत याचीही निवड होऊ लागली. निसर्गात पुन्हा उगवणारी, पुन्हा वापरता येणारी, मातीत विरणारी द्रव्ये पुढे आली. अशा द्रव्यांना सर्रास ‘टिकाऊ’ म्हटले जाते, पण तो शब्द फसवा आहे. प्लास्टिकच्या पिशवीइतके टिकाऊ दुसरे काय असेल! ‘स्थायी’ हा शब्द अधिक बरा. तो कोठून आला ते पुढे येईलच.

नागपूरकरांना असे ग्रंथालय पाहण्यासाठी लंडनला जाण्याचे कारण नाही. पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याच्या मगनवाडीत, ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ‘संग्रहालय’ म्हटले की डोळ्यांपुढे काचेची कपाटे आणि ‘हात लावू नये’ ही पाटी येते. मगनवाडीचा हेतू नेमका उलटा होता.

तो हेतू समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हिंदुस्थानातील द्रव्यांचे नमुने गोळा करण्याचे काम इंग्रजांनी फार आधी, आणि मोठ्या नेटाने केले होते. लंडनच्या इंडिया म्युझियममधील जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ साली हिंदुस्थानी कापडाच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड तयार केले. प्रत्येक खंडात खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवलेले होते. धोतर, लुगडे, पागोटे, मलमल, सारे काही. असे २० संच निघाले. त्यांतील १३ ब्रिटनमध्ये वाटले गेले आणि ७ हिंदुस्थानात आले. मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरणीमालकाने तुकडा बोटांत धरून पाहावा आणि हिंदी ग्राहकाला काय आवडते ते ओळखून तसाच माल यंत्रावर काढावा, हा त्यामागचा हिशोब. हाताने वाचायचे ते एक उत्तम ग्रंथालय होते. फक्त वाचक ठरलेला होता.

नागपूरही त्या हिशोबात होते. १८६३ साली येथे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, सुरू झाला. १८६५ च्या डिसेंबरात नागपुरात कला, कारखानदारी आणि शेतमालाचे मोठे प्रदर्शन भरले. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. त्याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक हे कापूस आयुक्त नेमले गेले होते. हेच गृहस्थ नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांचेही अभ्यासक होते, हे जाता जाता. हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात त्या गावाच्या नावाने ओळखला जाई. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि सूत येथेच निघू लागले; परंतु नागपूरच्या कोष्ट्याच्या घरातला हातमाग आता दुहेरी स्पर्धेत सापडला. द्रव्य विदर्भाचे, नमुना विदर्भाचा, आणि त्याचे ज्ञान मात्र दुसऱ्याच्या वहीत जमा, असा तो व्यवहार होता.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि तेथील बंगला संघाला दिला. गांधीजींचे पुतणे आणि साबरमती आश्रमाचे आधारस्तंभ मगनलाल गांधी १९२८ साली पाटण्यात निवर्तले होते. चरखा आणि विणकाम यांच्या तंत्रात त्यांच्याइतका जाणता माणूस चळवळीत दुसरा नव्हता. त्यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. सेवाग्रामला जाण्यापूर्वी, १९३५-३६ मध्ये, गांधीजी येथेच राहत. दळणे, कांडणे, आहाराचे प्रयोग सगळे चालू होते. त्या प्रयोगांत सोयाबीनही होते! आज विदर्भाच्या शेतशिवारात मैलोगणती सोयाबीन पसरलेले दिसते, तेव्हा मगनवाडीच्या ताटातील ते मूठभर दाणे आठवावेत.

संघाने ग्रामोद्योग विद्यालय चालवले. विद्यार्थ्याने हातकागदाचा लगदा स्वतः कुटायचा, घाणी स्वतः चालवायची, मधमाश्यांची पेटी स्वतः उघडायची. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण देणाऱ्या नई तालीमचा पाया तेथे घातला गेला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम रचला. पुढल्याच वर्षी मगन संग्रहालय उघडले, हा योगायोग नव्हता. फोर्ब्स वॉटसनच्या खंडांतील तुकडा पाहून गिरणीमालक शिकत होता. मगनवाडीतील नमुना पाहून ज्याने तो घडवला त्याच्या मुलाने शिकावे आणि त्यात सुधारणा करावी, अशी अपेक्षा होती.

सुधारणा झाल्याही. रॉकेलच्या कंदिलाऐवजी कडुनिंब, करंज अशा अखाद्य तेलांवर जळणारा ‘मगन दीप’ येथे तयार झाला. दोन चात्यांचा, पायाने चालणारा ‘मगन चरखा’ आला. धूर बाहेर काढणारी ‘मगन चूल’ आली. झवेरभाई पटेल यांनी तेलघाणीच्या रचनेत बदल करून तेलाचा उतारा वाढवला आणि बैलाचे श्रम कमी केले. या वस्तूंकडे आज कौतुकाने पाहिले जाते, पण कौतुकापेक्षा त्यांतील विचार पाहण्यासारखा आहे. प्रत्येक वस्तूत एकच प्रश्न सोडवलेला दिसतो: जे द्रव्य गावाच्या शिवारातच आहे, त्याच्याने हे काम कसे होईल?

हा प्रश्न विचारणारा मुख्य माणूस हिशोबनीस होता, हे या पत्रिकेच्या व्यापारी वाचकांना विशेष वाटेल. तंजावरचे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा लंडनमध्ये लेखापालनाची परीक्षा उत्तीर्ण झाले, मुंबईत त्यांनी लेखापरीक्षणाची फर्म चालवली, पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला. १९२९ मध्ये आपला प्रबंध छापून घेण्याच्या निमित्ताने गांधीजींना भेटले आणि परत फर्मकडे वळले नाहीत. मगनवाडीचे ते मंत्री झाले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. सहाशेहून अधिक खेडी पाहून समितीने १९३९ साली अहवाल दिला. कोणत्या गावात कोणती माती, कोणते लाकूड, कोणता कारागीर, आणि त्याचा माल कोठे जातो, ही त्या पाहणीची दृष्टी होती.

१९४५ साली जबलपूरच्या तुरुंगात कुमारप्पांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ लिहिले. ‘स्थायी’ हा शब्द येथून आला. गांधीजींनी प्रस्तावनेत त्यांना ग्रामोद्योगांचे डॉक्टर म्हटले. या विचारातील कळीचा भेद लेखापालाच्या डोक्यातूनच निघावा असा आहे. निसर्गातील द्रव्ये दोन प्रकारची. एक साठ्याची: कोळसा, खनिज तेल, लोखंड. उपसली की तेवढी कमी झाली. दुसरी प्रवाहाची: लाकूड, कापूस, गवत. बेताने घेतली तर दरवर्षी पुन्हा येतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पहिल्यात मुद्दल खर्ची पडते, दुसऱ्यात व्याजावर संसार चालतो. मुद्दल मर्यादित असल्यामुळे त्यावर भांडणे होतात. म्हणून साठ्यावर उभी राहिलेली संस्कृती हिंसेकडे ओढली जाते, असे कुमारप्पांचे म्हणणे. अपरिग्रह आणि अहिंसा ही दोन व्रते ज्या घरांत लहानपणापासून ऐकली जातात, तेथे हा दुवा वेगळा उलगडून सांगायला नको.

ही कसोटी नागपूरच्या आजच्या साहित्याला लावून पाहावी. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांतून राख निघते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत असते, त्यामुळे राखेचे डोंगर साचतात. तिच्या विटा होतात, सिमेंटमध्ये ती मिसळली जाते, आणि जाहिरातींत त्या विटेला ‘हरित’ म्हटले जाते. शेतातील सुपीक माती भट्टीत जाण्याऐवजी राख वापरली गेली, हे चांगलेच. पण वहीत ती कोठे लिहायची? मुद्दल उधळल्यावर हाती राहिलेली चिल्लर जपून ठेवण्यासारखा तो व्यवहार आहे. चिल्लर फेकू नये, हे खरे. तिला उत्पन्न म्हणू नये, हेही तितकेच खरे. द्रव्यांच्या ग्रंथालयात राखेची वीट जरूर असावी, मात्र तिच्या चिठ्ठीवर कोळशाच्या खाणीचेही नाव असावे.

प्रवाहाच्या बाजूला विदर्भ श्रीमंत आहे. कापूस आहे, सागवान आहे, भंडारा-गोंदियाकडे भाताचा पेंढा आहे, पळस आहे, मोह आहे. आणि बांबू आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातील भरीव, चिवट मानवेल आणि काटेरी, जाड कटांग ही दोन नावे बुरुडाच्या तोंडी असतात. मानवेल हातात घेऊन वाकवावी, पेरावर टिचकी मारून आवाज ऐकावा, तिची कामटी काढताना ती कोठे फाटते आणि कोठे अडते ते पाहावे. हे ज्ञान पुस्तकात उतरत नाही. सूप विणणाऱ्याच्या अंगठ्यात ते असते. वास्तुशास्त्राचा विद्यार्थी बांबूचा आराखडा संगणकावर काढतो, पण कोवळा बांबू कापला तर भुंगा लागतो, भादव्यात कापला तर जास्तच लागतो, पिकलेला बांबू कसा ओळखावा, हे त्याला कोणी हातात देऊन शिकवलेले नसते. त्याच्या पहिल्या मांडवाला दोन वर्षांत पीठ सुटते आणि ‘बांबू टिकत नाही’ असे तो जन्मभर सांगत राहतो.

परंतु बांबूची खरी अडचण कायद्यात होती. वनस्पतिशास्त्र सांगते की बांबू हे गवत आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याला वृक्ष ठरवले. याचा परिणाम असा की शेताच्या बांधावर लावलेला बांबूसुद्धा तोडायचा आणि न्यायचा तर परवान्याचे झंझट. जंगलातील बांबू कागद गिरण्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळत असे, आणि बुरुडाला मात्र आगारातून मोजक्या नगांसाठी कार्ड घेऊन उभे राहावे लागे. एकाच द्रव्याचे दोन भाव आणि दोन दरवाजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकताना वाहतूक परवाना कोणी द्यायचा यावर गाडे अडले. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. पुढे २०१७ च्या नोव्हेंबरात अध्यादेशाने वन कायद्याच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, आणि जंगलाबाहेरचा बांबू नव्वद वर्षांनी पुन्हा गवत झाला. द्रव्याचा गुणधर्म प्रयोगशाळेत कळतो. ते द्रव्य कोणाच्या हाती पडेल हे राजपत्रात ठरते. नमुन्याच्या चिठ्ठीवर हेही लिहिले पाहिजे.

जैन घरातील गृहिणी बाजारातून वस्तू आणताना ‘हे कशाचे बनले आहे?’ असा प्रश्न सहज विचारते. द्रव्यांच्या ग्रंथालयाचा पहिला प्रश्नही हाच, आणि येथे विदर्भातील काही द्रव्ये अवघड होतात. कोसा घ्या. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवण्याचे काम भंडारा-गडचिरोलीकडील ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. द्रव्य झाडावर वाढते, प्रवाहाचे आहे, शेकडो कुटुंबांचे पोट त्यावर आहे. मात्र अखंड धागा मिळवण्यासाठी कोश उकळला जातो आणि आतील जीव मरतो. पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या फुटक्या कोशांतूनही सूत कातता येते. ते जाडसर असते, चमक कमी असते, मजुरी जास्त पडते. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी याच तत्त्वावर ‘अहिंसा सिल्क’ पुढे आणले. दोन्ही सुते शेजारी ठेवून बोटांनी पाहिली की फरक लगेच कळतो. किंमत कशाची मोजायची हे मग ज्याने-त्याने ठरवावे. लाखेचेही तसेच. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवरील किड्यांचे ते कवच.

वर्ध्याने हा प्रश्न चामड्याच्या बाबतीत पूर्वीच हाती घेतला होता. नालवाडीच्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकर यांच्या देखरेखीखाली केवळ नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावरांचेच कातडे कमावले जाई. आग्या मोहोळ जाळून, धूर करून मध काढण्याऐवजी पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापून घेण्याच्या पद्धतीवरही वर्ध्यात काम झाले. जैन आचाराला मध वर्ज्य तो वर्ज्यच; पण त्याज्य वस्तूच्या व्यवहारातसुद्धा हिंसेचे प्रमाण कमी करता येते, हा विचार लक्षात घेण्यासारखा आहे.

मगनवाडीचा परिवार नंतर वाढला. देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ स्थापन केले. सेवाग्रामचे आदि निवास १९३६ साली बांधताना खर्च कमीत कमी आणि साहित्य आसपासचेच, अशी गांधीजींची अट होती. या केंद्राने तीच अट नव्या काळात पुढे नेली. त्यांचे एक छत पाहण्यासारखे आहे. कुंभाराच्या चाकावर केलेले शंकूच्या आकाराचे पोकळ कौल एकात एक बसवत कमान केली जाते आणि कमानींना कमानी लावून छत होते. लोखंड नाही, लाकूड नाही, आणि पोकळीमुळे वैशाखातही खोली बरी राहते. सिमेंटच्या स्लॅबखाली नागपूरचा मे महिना काढणाऱ्याला याचे मोल सांगायला नको. मगनवाडीतच केंद्र सरकारची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात बांबूकामाचे रीतसर शिक्षण मिळते. त्या केंद्राच्या बांबूच्या इमारतीला २०२१ मध्ये आग लागली. बांबूच्या पुरस्कर्त्यांनी ही गोष्ट झाकून ठेवू नये. जो गुण सांगायचा त्याचा दोषही नमुन्यासोबत ठेवला तरच विद्यार्थी शहाणा होतो. जळलेल्या बांबूचा तुकडा चांगल्या बांबूशेजारीच मांडलेला असावा.

उरतो प्रश्न नागपूरचा. दादी लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. तेल, रंग, कागद यांचे तंत्र तेथे शिकवले गेले, आणि आता तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. वास्तुशास्त्र आणि अभियांत्रिकीची महाविद्यालये शहरात भरपूर आहेत. ग्रंथालयाच्या इमारतींत मोकळ्या होत चाललेल्या फळ्याही भरपूर आहेत. या फळ्यांवर विदर्भातील शंभर-दीडशे द्रव्ये मांडायला फार पैसा लागत नाही. लागते ती चिठ्ठी लिहिण्याची चिकाटी: हे कोठून आले, कोणी घडवले, त्याला काय मिळाले, किती अंतर प्रवास झाला, कोणता जीव दुखावला, पाणी किती लागले, आणि वापर संपल्यावर हे कोठे जाईल. बाजारातील किमतीच्या लेबलावर यातले काहीच नसते. कुमारप्पांच्या मते हिशोबातील खरी चूक तीच होती. शिवाय प्रत्येक नमुन्यामागे एक माणूस असावा. बुरूड, कुंभार, कोष्टी यांना महिन्यातून एक दिवस मानधन देऊन अध्यापक म्हणून बोलावता येईल. पदवी नाही म्हणून विद्यापीठाच्या नियमांत ते बसणार नाहीत, अशी शंका कोणी काढीलच. नियम बदलता येतात. बांबूच्या बाबतीत नव्वद वर्षे लागली, एवढेच.

मुलांची सहल नेण्यासाठी वर्धा सोयीचे आहे. रेल्वेने तास-सव्वा तासात पोचता येते. सकाळी मगन संग्रहालय, दुपारी सेवाग्राम, परतताना धाम नदीकाठचा विनोबांचा पवनार आश्रम, असा एक दिवसाचा कार्यक्रम होतो. संग्रहालयाला तासाभरात उरकू नये. खादी आणि वनस्पतिजन्य रंगांचे काम पाहायला मिळाले तर मुलांना तेथे रेंगाळू द्यावे, आणि सूत कातण्याची संधी मिळाली तर पहिला धागा तुटेपर्यंत तरी थांबावे. तो तुटतोच. दुसरा थोडा लांब निघतो.